लाल अक्षरांची पाटी आणि आपला सातबारा



आज भाताची, वालाची, किडीची नोंद नाही. आज गाडीवर लिहितोय आणि जरा कडक लिहितोय. ज्याला लागेल त्यानं लागून घ्यावं, पण शेवटपर्यंत वाचावं.

वाशीच्या भाजी मार्केटात पहाटे माल उतरवताना आजूबाजूच्या पाट्या बघत चला. नवीकोरी पिकअप, हौदा चकचकीत, पुढं पूजेचा हार वाळून कोळ झालेला, आणि नंबर अजून टेम्पररी. मालकाला विचारलं तर म्हणतो, "पासिंग व्हायचंय." कधी घेतली? "दसऱ्याला." आणि आता पाडवा होऊन आंब्याचा हंगाम सुरू झालेला असतो. वर पुन्हा हसून म्हणतो, "दादा, शेतकऱ्याला कोण अडवतो?"

माझं म्हणणं सरळ सांगतो. टेम्पररी नंबरची मुदत संपल्यावर गाडी रस्त्यावर काढणं म्हणजे जमीन डावावर लावून फिरणं आहे. पोलिसाची पावती ही यातली सगळ्यात लहान गोष्ट. आणि यात दोष आपल्या आळसाचा आहे तसाच शोरूमवाल्याचा आणि विमा कंपनीचाही आहे. तिघांचाही हिशोब आज मांडतो.

माझं घर माहुलचं, शेती पनवेलच्या पुढं. माहुल म्हणजे एकेकाळी आगरी-कोळ्यांचं गाव. खाडी, मिठागरं, भातखाचरं. १९५०च्या दशकात तेलाच्या रिफायनऱ्या आल्या आणि गावाचं रूप पालटलं. आज आमच्या रस्त्याला पेट्रोल-डिझेलचे टँकर रांगेनं उभे असतात. त्यांच्या ड्रायव्हरांशी बोलून बघा. गाडीची नोंदणी, फिटनेस, विमा, स्फोटक खात्याचं लायसन, धोकादायक माल वाहायचं स्वतःचं प्रमाणपत्र, सगळ्याच्या तारखा तोंडपाठ. कारण एक कागद संपला तर गेट उघडत नाही आणि त्या दिवसाचा धंदा बुडतो. आपल्या बाजार समितीच्या गेटवर मात्र फक्त माल काय आणि किती एवढंच विचारतात. गेटवर कोणी विचारत नाही म्हणून आपल्याला वाटतं कागदाला किंमत नाही. किंमत आहे. ती गेटवर मोजावी लागत नाही, अपघात झाल्यावर एकदम मोजावी लागते.

आता कायदा काय म्हणतो ते साध्या भाषेत.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचं कलम ३९ सांगतं की नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक जागी चालवायची नाही, आणि मालकानं दुसऱ्याला चालवू द्यायचीही नाही. कलम ४३ मध्ये टेम्पररी नोंदणीची सोय आहे. ही मुदत पूर्वी एक महिना होती. २०२१ ला केंद्रानं नियम बदलून ती सहा महिन्यांपर्यंत नेली. तरी तुमच्या कागदावर जी तारीख छापलेली आहे तीच तुमच्यासाठी खरी. ती तारीख उलटली की दुसऱ्या दिवशी सकाळी तुमची गाडी कायद्याच्या नजरेत बिननंबरची. कलम १९२ प्रमाणे पहिल्या वेळी दंड २ हजार ते ५ हजार. पुन्हा सापडलात तर ५ हजार ते १० हजार, नाहीतर एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि कलम २०७ खाली गाडी अडकवून ठेवता येते. हौद्यात टोमॅटो असेल तर तो काही गाडी सुटायची वाट बघत नाही.

एक गंमत बघा. धंद्याच्या पिकअपची कायमची पाटी पिवळी असते, वर काळी अक्षरं. टेम्पररीची पाटीही पिवळीच, वर लाल अक्षरं. लांबून फरक कळत नाही, आणि म्हणूनच कित्येक गाड्या महिनोन् महिने निसटतात. पण विमा कंपनीचा माणूस पाटी लांबून बघत नाही. तो कागद हातात घेऊन तारीख बघतो.

आता ऐका दोन खऱ्या गोष्टी. दोन्ही सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेल्या, आणि दोन्हीतल्या गाड्या आपल्याच घरातल्या वाटाव्यात अशा.

पहिली महिंद्रा पिकअपची. मालक नरिंदर सिंग, विमा न्यू इंडिया कंपनीचा, १२ डिसेंबर २००५ पासून वर्षभराचा. टेम्पररी नंबर ११ जानेवारी २००६ ला संपला. २ फेब्रुवारीला, म्हणजे फक्त २२ दिवसांनी, अपघात होऊन गाडीचं मोठं नुकसान झालं. विमा चालू होता, हप्ता भरलेला होता. कंपनी म्हणाली, अपघाताच्या दिवशी गाडीची नोंदणी नव्हती, पैसे मिळणार नाहीत. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि सप्टेंबर २०१४ मध्ये कोर्टानं कंपनीचं म्हणणं बरोबर ठरवलं. त्यात एक वाक्य आपल्या कामाचं आहे. मुदत संपायच्या आधी किंवा नंतर मालकानं कायम नोंदणीसाठी किंवा मुदतवाढीसाठी अर्ज केल्याचा एकही कागद त्याच्याकडं नव्हता, असं कोर्टानं नोंदवलं. हे पुढं लागणार आहे, लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट बोलेरोची. मालक राजस्थानातले सुशीलकुमार गोदारा, विमा युनायटेड इंडियाचा. टेम्पररी नंबर १९ जुलै २०११ ला संपला. २८ जुलैच्या रात्री जोधपूरला गेस्ट हाऊसबाहेर उभी केलेली गाडी चोरीला गेली. नऊ दिवस! मालक राज्य ग्राहक आयोगात जिंकला, राष्ट्रीय आयोगातही जिंकला. आणि ३० सप्टेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टात हरला. कोर्टाचं म्हणणं असं की मुदत संपलेल्या नंबरवर गाडी दुसऱ्या गावापर्यंत नेली, म्हणजे विम्याच्या करारातली मूळ अट मोडली. गाडी गेली, दहा वर्षं गेली, हातात काही नाही.

आता तुमच्यातला कोणीतरी म्हणेल, "चोरीचा आणि नंबरचा काय संबंध? नंबर असता तर चोर परत गेला असता काय?" प्रश्न चुकीचा नाही. मलाही हा न्याय कडू लागतो. विमा कंपनीनं पूर्ण हप्ता घेतला होता, गाडीला टेम्पररी नंबर आहे हे तिला पॉलिसी देतानाच ठाऊक होतं, आणि धोका नंबरमुळं वाढलेला नव्हता. पण माझ्या तुमच्या कडू लागण्यानं निकाल बदलत नाही. आज देशातल्या सगळ्यात वरच्या कोर्टाचा निकाल असा आहे, आणि कंपनीचा वकील तोच पुढं ठेवणार. पावसाशी भांडून कोणी पेरणी केली नाही. वाफसा बघूनच पेरावं लागतं.

इथपर्यंत आपलीच गाडी गेली. आता त्याहून मोठी गोष्ट.

तुमच्या गाडीनं दुसऱ्याला धक्का दिला, माणूस गेला किंवा अपंग झाला, तर भरपाईचा आकडा लाखात जातो. सगळं रीतसर असेल तर ती विमा कंपनी भरते. पण मालकानं कायद्याची मूळ अट मोडलेली असेल तर कोर्ट कंपनीला सांगू शकतं की आधी जखमीला पैसे दे आणि मग मालकाकडून वसूल कर. परमिट नसलेल्या ट्रकच्या बाबतीत सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये, अमृत पाल सिंग यांच्या प्रकरणात, हेच कायम केलं. नोंदणीच नसलेल्या गाडीत कंपनी हीच वाट धरणार हे सांगायला ज्योतिषी नको.

आणि वसुली होते कशी? त्याच कायद्याचं कलम १७४ वाचा. न्यायाधिकरण कलेक्टरला दाखला देतं आणि कलेक्टर ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करतो. जमीन महसुलाची थकबाकी म्हणजे काय हे शेतकऱ्याला शिकवायला नको. तलाठी येतो, नोटीस येते, आणि शेवटी जमीन जप्त करून विकण्यापर्यंत अधिकार पोचतो. पिकअपच्या लाल अक्षरांपासून सातबारापर्यंतचा रस्ता हा असा आहे. आमच्या माहुलच्या जमिनी रिफायनरीत गेल्या. त्या निदान काहीतरी मोठं उभं राहायचं म्हणून गेल्या. पासिंगचा कंटाळा केला म्हणून जमीन जाणार असेल तर पोरांना काय सांगायचं?

आता नेहमीची कारणं एकेक घेतो.

"चॉईस नंबर पाहिजे." घ्या ना, पण त्याला मुदत असते आणि पैसे लागतात. २०२४ ला राज्यानं दर वाढवले. चारचाकीला ०००१ चा दर ५ लाखांवर गेला, मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी ६ लाख. ज्याला तेवढी ऐपत आहे त्यानं आधीच पैसे भरून नंबर धरावा. चांगला आकडा निघेल म्हणून महिनोन् महिने बिननंबरची गाडी फिरवायची, हे लग्नाच्या मुहूर्तासाठी म्हातारपण आणण्यासारखं आहे.

"हौदा बांधायचा राहिलाय." हे कारण खरं असू शकतं. नुसती चासी घेतली असेल तर बॉडी बांधायला वेळ लागतो, आणि त्यासाठी टेम्पररीची मुदत वाढवायची सोय नियमातच आहे. मग अर्ज करा! बॉडीवाल्याच्या दारात गाडी उभी असताना अर्ज करायला काय जड जातं? आणि हौदा झाला नसेल तर गाडीत माल कुठून आला, याचंही उत्तर तयार ठेवा.

"आरटीओत खेटे घालायला वेळ नाही." हे कारण आता जुनं झालं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर, राज्यातल्याच अधिकृत डीलरकडून घेतलेली नवी तयार गाडी पहिल्या नोंदणीसाठी आरटीओपुढं उभी करायची गरज कायद्यानं काढून टाकली आहे. अर्ज डीलरनं करायचा. पूर्वी आपल्याच हद्दीच्या आरटीओत जावं लागायचं. माझं घर एमएच ०३ मध्ये, म्हणजे वडाळ्याच्या ऑफिसात, आणि शेती एमएच ४६ मध्ये, तर कुठल्या हद्दीत करायचं हाच घोळ. आता राज्यातलं कोणतंही नोंदणी ऑफिस चालतं. परराज्यातून गाडी आणली असेल तर मात्र धावपळ आहे, आणि तिथं तर तारखेवर जास्तच डोळा ठेवायला पाहिजे.

"विमा आहे ना, मग झालं." वर दोन गोष्टी कशासाठी सांगितल्या?

"आजारी माणसाला न्यायची वेळ आली तर?" हा प्रश्न चांगला आहे. कलम १९२ मध्येच लिहिलंय की आजारी, जखमी माणसाला नेण्यासाठी किंवा संकटात अन्न-औषध पोचवण्यासाठी अशी गाडी काढली तर दंड नाही, पण सात दिवसांत परिवहन प्राधिकरणाला कळवायचं. म्हणजे कायदा एवढा दगड नाही. पण ही सूट दंडापुरती आहे. विमा कंपनी या सवलतीनं बांधली जाते असं कोणी समजू नये.

आता शोरूमवाल्यांकडं वळतो, कारण सगळं खापर शेतकऱ्याच्या डोक्यावर फोडणं मला मान्य नाही.

दसरा-पाडव्याला शोरूमच्या दारात काय चालतं ते सगळ्यांनी बघितलंय. फुगे, पेढे, चावीचा मोठा पुठ्ठा हातात देऊन फोटो. आणि नंबर? "काका, गाडी घेऊन जा, पूजा करा, पासिंगचं आम्ही बघतो." नंतर फोन लावला की आज साहेब नाहीत, उद्या सर्व्हर डाऊन, परवा बँकेचा कागद आला नाही. माझ्या ओळखीतल्या एकाला असंच झुलवत ठेवलं. टॅक्सचे पैसे पहिल्याच दिवशी मोजून घेतलेले, आणि तरी नंबर टेम्पररीची मुदत सरल्यावर आला. मधले दिवस त्याची भाजी गाडीनंच जात होती. काही झालं असतं तर शोरूमवाला पुढं आला असता काय?

दुरुस्त कायद्यात स्पष्ट लिहिलंय. डीलर आणि नोंदणी एकाच राज्यात असेल तर अर्ज डीलरनं करायचा, आणि नंबर पाटीवर चढेपर्यंत गाडी मालकाच्या ताब्यात द्यायची नाही. डीलरनं अर्ज केला नाही तर कलम १९२-ब प्रमाणे त्याला वर्षाच्या टॅक्सच्या पंधरा पट किंवा पूर्ण आयुष्याच्या टॅक्सएवढा दंड, यातला जो मोठा असेल तो. मालकाकडून कसूर झाली तर पाच पट किंवा आयुष्यभराच्या टॅक्सचा एक तृतीयांश. म्हणजे कायद्यानंच डीलरची जबाबदारी मालकापेक्षा जड ठरवली आहे. तरी रस्त्यावर पावती कोणाच्या नावानं फाटते? आपल्या. कारण शोरूमच्या दारात तपासणीला कोणी उभा राहत नाही आणि टोलनाक्यावर आपण सापडतो. आरटीओच्या साहेबांना माझं सांगणं आहे, सणाच्या दिवशी एक फेरी शोरूमच्या दारातही मारा.

विमा कंपनीलाही एक प्रश्न. पॉलिसीच्या पानापानावर बारीक अक्षरं छापता. मग पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात मराठीत एक ओळ छापायला काय हरकत आहे, की अमुक तारखेनंतर नोंदणी नसेल तर दावा मिळणार नाही? टेम्पररी नंबर तुमच्याच कागदावर असतो. हप्ता संपत आला की दिवसाला तीन फोन करता. नंबर संपत आला की एक मेसेज करता येत नाही? हप्ता घेताना गप्प आणि दावा आल्यावर कायदा, हा व्यवहार मला मान्य नाही. शेतकरी संघटनांनी कर्जमाफीसारखा हा विषयही धरायला हवा, कारण यात कोणाच्या तिजोरीचा पैसा लागत नाही, फक्त एक ओळ लागते.

कृषी खात्यातले बरेच साहेब हे पान वाचतात. तुम्हालाही विनंती. ट्रॅक्टर, अवजारं यांच्या बैठका घेता तेव्हा पाच मिनिटं या विषयाला द्या. आणि ट्रॉलीचं विसरू नका. कायद्यातल्या मोटार वाहनाच्या व्याख्येत ट्रेलर येतो, म्हणजे ट्रॉलीलाही स्वतःची नोंदणी लागते. ऊस, वीट, रेती ओढणाऱ्या किती ट्रॉल्यांच्या मागं नंबर दिसतो ते तुम्ही रोज बघता. ट्रॅक्टर रीतसर आणि ट्रॉली बिननंबरची, असा अपघात झाला की भांडण तिथूनच सुरू होतं.

आता ज्यांची गाडी आज टेम्पररीवर आहे त्यांनी काय करायचं ते सांगतो आणि थांबतो.

कागद काढा, तारीख बघा, दिनदर्शिकेत खुरपणी-फवारणी लिहितो तिथंच ती लिहा. मुदतीच्या एक महिना आधी डीलरला लेखी विचारा. व्हॉट्सअॅपवर विचारलं तरी चालेल, पण नुसतं बोलू नका, लिहा. फॉर्म २०, २१, २२, विमा, पत्त्याचा पुरावा, पॅन, बँकेचा कागद आणि टॅक्सची पावती, हे सगळं पोचलं की नाही ते विचारा. वाहन पोर्टलवर अर्ज क्रमांक टाकून स्वतः बघा, पोरांना सांगितलं तर दोन मिनिटांचं काम आहे. बॉडीचं काम राहिलं असेल तर मुदत संपायच्या आधी वाढीचा अर्ज करा आणि पोच जपून ठेवा. नरिंदर सिंग यांच्याकडं असा कागद नव्हता, हे कोर्टानं बोलून दाखवलं होतं.

आणि तारीख उलटलीच असेल तर गाडी घराशी उभी करा. माल शेजाऱ्याच्या गाडीनं पाठवा, भाडं द्या. चार खेपांचं भाडं जास्त वाटेल, पण ते चार खेपांचंच आहे.

नवी गाडी घ्यायला निघालेल्यांना एकच सांगणं. पाटीवर कायमचा नंबर चढल्याशिवाय चावी घेऊ नका. मुहूर्त टळतो म्हणाले तर म्हणा, मुहूर्ताला बुकिंग केलं, पूजा नंबर आल्यावर घालतो. पेढे तेव्हाही तेवढेच गोड लागतात.